एक फोन, अनेक नंबर

सिमकार्डातलं प्लॅस्टिक कधीच महत्त्वाचं नव्हतं. कामाचं जे काही असतं ते त्यावरच्या सोनेरी चिपमध्ये, आणि तिथेही मोलाच्या गोष्टी दोनच: पंधरा आकड्यांपर्यंतचा एक ओळखक्रमांक आणि १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. ओळखक्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात, भारतासाठी ते बहुधा ४०४ किंवा ४०५ असतात. पुढचे आकडे कंपनी आणि ग्राहक सांगतात. आपण लोकांना देतो तो दहा आकडी मोबाइल नंबर याहून वेगळा. कुठल्या ओळखक्रमांकाला कुठला मोबाइल नंबर जोडायचा, याची नोंद कंपनीच्या संगणकावर असते. म्हणूनच कार्ड हरवलं तरी नव्या कार्डावर तोच नंबर परत मिळतो.

किल्लीचं काम जास्त रंजक आहे. फोन चालू झाला की कंपनीकडून टॉवरमार्फत एक संख्या येते. ती कशीही, कुठलीही असते आणि दर वेळी नवी असते. कार्ड ती संख्या आणि स्वतःची किल्ली घेऊन एक गणित करतं आणि फक्त उत्तर परत पाठवतं. कंपनीकडे त्याच किल्लीची प्रत असते, त्यामुळे तिथेही तेच गणित होतं. उत्तरं जुळली की रेंज येते. या साऱ्या व्यवहारात किल्ली एकदाही कार्डाबाहेर पडत नाही, हवेतून जात नाही, फोनलाही दिसत नाही. नखाएवढ्या त्या तुकड्यात एक छोटा संगणकच बसलेला असतो. एकाच फोनवर अनेक नंबर कसे चालतात हे समजून घ्यायचं तर सुरुवात या किल्लीपासून करावी लागते, कारण ‘लाइन’ म्हणजे शेवटी तीच.

१९९१ मध्ये म्युनिकच्या गिझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने पहिली ३०० सिमकार्डं फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला विकली. त्याच वर्षी १ जुलैला फिनलंडमध्ये जीएसएम या नव्या मोबाइल पद्धतीवरचा पहिला कॉल झाला. माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी तांपेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना फोन लावला होता. आपल्याकडे तो दिवस ३१ जुलै १९९५ रोजी आला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलत होते आणि दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम ऐकत होते.

जीएसएम उभारणाऱ्यांनी एक मोठा निर्णय घेतला होता: ग्राहकाचं खातं हँडसेटपासून सुटं ठेवायचं. कार्ड काढा, दुसऱ्या फोनात घाला, नंबर तुमच्याबरोबर आला. यासाठी कंपनीला विचारायचं नाही, अर्ज भरायचा नाही. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिची किंमत लक्षात येत नाही. पण आपल्याकडे याच्या उलट अनुभव घेतलेली एक पिढी आहे. २००३ मध्ये रिलायन्सचे ५०१ रुपयांत मिळणारे, सीडीएमए या दुसऱ्या पद्धतीचे फोन घरोघरी पोचले. त्या सुरुवातीच्या फोनांत कार्ड नसायचं, नंबर थेट सेटमध्येच भरलेला असायचा. सेट बिघडला किंवा बदलायचा झाला, तर कंपनीच्या दुकानाची पायरी चढावी लागायची. ज्यांच्याकडे जीएसएमचा फोन होता त्यांना हा प्रश्नच पडला नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे, तो ध्यानात राहू द्यावा.

प्लॅस्टिक मात्र झिजतच गेलं. पहिलं सिम एटीएम कार्डाएवढं होतं आणि ते अख्खं फोनात सारायचं असे. मग २५ बाय १५ मिलिमीटरचं आलं. आपल्यातल्या बहुतेकांनी पहिलं पाहिलं ते हेच. पुढे १५ बाय १२ चं मायक्रो आणि २०१२ मध्ये १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो. मायक्रो आलं तेव्हा मोबाइलच्या दुकानांत सिम कापायचं स्टेपलरसारखं यंत्र आलं. दुकानदार कार्ड त्यात ठेवून खटकन दाबायचा आणि उरलेलं प्लॅस्टिक टेबलावर पडायचं. फोन चालायचा, कारण चिपला धक्का लागलेला नसायचा. कार्ड कापूनही काम अडत नव्हतं. मग उरलेलं प्लॅस्टिक तरी कशाला, आणि त्याच्यासाठी फोनच्या अंगात फट, ट्रे आणि टाचणीचं भोक तरी कशाला, हा पुढचा प्रश्न ओघाने आलाच.

या प्रश्नाचं उत्तर आधी फोनवाल्यांना नको होतं, मोटारवाल्यांना आणि मीटरवाल्यांना हवं होतं. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारीच्या प्रत्येक नव्या मॉडेलला, अपघात झाला की आपोआप ११२ ला फोन लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. अशी गाडी एका देशात बनते, दुसऱ्यात विकली जाते आणि पंधरा वर्षं चालते. तिच्या डॅशबोर्डमागचं सिम बदलायला कोण जाणार? त्यासाठी यंत्राच्या सर्किटवरच कायमची झाळलेली चिप आणि तिच्यात दुरून भरता येणारी लाइन, अशी व्यवस्था तयार झाली. जगभरच्या मोबाइल कंपन्यांची संघटना असलेल्या जीएसएमएने २०१६ मध्ये तिचे सामान्य ग्राहकांसाठीचे नियम आणले. त्याच वर्षी सॅमसंगच्या एका घड्याळात ही चिप आली. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ या फोनात आणि २०१८ मध्ये आयफोनात. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून सिमचा ट्रेच गेला. २०२५ चा आयफोन एअर तर आपल्याकडेही ट्रेशिवायच येतो. फोनातच बसवलेली ही चिप म्हणजेच ई-सिम.

चिप फोनातच आहे, पण रिकामी आहे. मग तिच्यात लाइन येते कुठून? कंपनीच्या गॅलरीत गेलात तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “काका, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा आणि ईआयडी सांगा.” *#०६# दाबलं की पडद्यावर हँडसेटचे आयएमईआय क्रमांक येतात आणि त्यांच्याबरोबर ३२ आकड्यांची एक लांबलचक संख्या येते. ती ईआयडी, म्हणजे त्या चिपचा जन्मक्रमांक. जगात दुसऱ्या कुठल्या चिपला तो नसतो. ओळखपत्राची तपासणी झाली की कंपनी आपल्या सर्व्हरवर एक ‘प्रोफाइल’ तयार ठेवते. त्यात तोच ओळखक्रमांक, तीच किल्ली आणि नेटवर्कच्या बाकीच्या नोंदी असतात. तुम्हाला मिळतो तो क्यूआर कोड. पुष्कळांना वाटतं की त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीतच सिम आहे. तसं नाही. त्यात फक्त सर्व्हरचा पत्ता आणि एक परवलीचा संकेत असतो.

कोड स्कॅन केल्यावर जी पंधरा-वीस सेकंदं पडद्यावर चक्र फिरतं, तेवढ्यात बरंच काही घडतं. फोन वाय-फायवरून सर्व्हर गाठतो. सर्व्हर चिपला आपलं प्रमाणपत्र दाखवतो, चिप सर्व्हरला आपलं. दोन्ही प्रमाणपत्रं जीएसएमएने मान्य केलेल्या मुळापर्यंत पोचतात की नाही हे तपासलं जातं. मग त्या एकाच चिपला उलगडेल अशा कुलूपबंद रूपात प्रोफाइल खाली उतरतं. वाटेत कुणी ते चोरलं तरी दुसऱ्या फोनात उघडणार नाही. आणि कोड बहुधा एकदाच चालतो, म्हणून “जुना क्यूआर जपून ठेवलाय, तोच पुन्हा स्कॅन करू” ही आशा फोल ठरते. उतरवलेलं प्रोफाइल ‘डिलीट’ करताना फोन पुन्हा पुन्हा विचारतो, तो याचसाठी.

एका चिपवर अशी अनेक प्रोफाइलं राहू शकतात. नव्या आयफोनात आठ किंवा त्याहून जास्त मावतात. पण साठवलेल्या लाइनी आणि चालू असलेल्या लाइनी यांत फरक आहे. आठ साठवल्या तरी एका वेळी जाग्या दोनच. बाकीच्या झोपलेल्या. त्यांच्यावर आलेला फोन वाजत नाही आणि त्यांचा ओटीपीही त्या वेळी येत नाही. ‘एका फोनात आठ नंबर’ अशी जाहिरात वाचताना ही मेख ओळखता आली पाहिजे.

दोन नंबर बाळगायची सवय मात्र आपल्याला ई-सिमने लावलेली नाही. ती आपल्याकडे आधीपासूनच होती आणि तिला ठोस कारणं होती. देशाचे दूरसंचार विभाग पाडलेले, त्यांना आपण सर्कल म्हणतो. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये, त्यामुळे सावंतवाडीचा माणूस म्हापशाला गेला तरी त्याला रोमिंग लागत नसे. पण कोल्हापूरचा गाडीवाला कागल ओलांडून निपाणीत शिरला की कर्नाटक सर्कल सुरू, आणि रोमिंगचे पैसे कापायला सुरुवात. येणारा फोन उचलला तरी पैसे जायचे. सीमेवर धंदा करणाऱ्याच्या खिशात कर्नाटकचं दुसरं सिम असणं हा साधा हिशेब होता. चिनी बनावटीच्या आणि पुढे देशी कंपन्यांच्या दोन सिमच्या फोनांनी ही गरज ओळखली. नोकिया दोन सिमच्या फोनाकडे वळली ती २०१० मध्ये, आणि तोवर बाजाराचा मोठा तुकडा इतरांनी खाल्ला होता.

दुसरी लाट आली ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओबरोबर. नेट फुकट, तेही ३१ मार्च २०१७ पर्यंत. पण जुन्या कंपन्यांच्या नंबरांवर जिओवरून फोन लागताना अडचणी येत होत्या आणि सगळ्यांकडे आपला जुना नंबर गेलेला होता. तेव्हा घराघरांत एकच तोड निघाली: पहिल्या खाचेत जुनं सिम बोलायला, दुसऱ्या खाचेत जिओ नेटला. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी ‘नंबर चालू ठेवायचा तर दर महिन्याला किमान रिचार्ज’ अशी अट आणली आणि अनेकांनी दुसरं सिम सोडून दिलं. आजही दुसरी लाइन घेण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा. ई-सिम घ्यायला खर्च फारसा येत नाही, ते जिवंत ठेवायला येतो.

आता दोन लाइनी एका फोनात नेमक्या कशा नांदतात ते पाहू. बहुतेक फोनांत सिम दोन असली तरी टॉवरशी बोलणारी रेडिओ यंत्रणा एकच असते. एरवी हे जाणवत नाही, कारण रिकामा फोन सतत ऐकत नसतो. टॉवर ठरावीक अंतराने हाका मारतो आणि फोन तेवढ्यापुरता कान टवकारतो. दोन हाकांमधलं अंतर साधारण सेकंदाच्या आसपास असतं. तेवढ्या वेळात रेडिओ एकदा पहिल्या लाइनची हाक ऐकतो, एकदा दुसऱ्या लाइनची. घरातली एकटी बाई पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांकडे लक्ष ठेवून असते तसं. कुणी पुढच्या दाराशी बोलत बसलं की मागची कडी ऐकू येत नाही.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. समजा, पुण्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी गिऱ्हाइकांसाठी वेगळा नंबर घेतला. घरच्या नंबरवर त्या बहिणीशी वीस मिनिटं बोलत असताना ब्लाउज द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने धंद्याच्या नंबरवर फोन केला. तिला ‘बिझी’ ऐकू येत नाही, ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. दुकान बंद आहे असं समजून ती निघून जाते, आणि ताईंच्या फोनवर मिस्ड कॉलही उमटत नाही. यावर उपाय आहे, पण तो सेटिंगमध्ये दडलेला. दोन्ही लाइनींवर वाय-फाय कॉलिंग चालू करायचं आणि कॉलच्या वेळी दुसऱ्या सिमचं नेट वापरू द्यायची परवानगी द्यायची. मग बंद पडलेली लाइन चालू लाइनच्या इंटरनेटवरून कंपनीपर्यंत पोचते आणि फोन वाजतो. कंपनीची आणि हँडसेटची, दोघांचीही साथ त्याला लागते. याहून साधा उपाय म्हणजे एका नंबरचे फोन ‘नॉट रीचेबल’ असताना दुसऱ्या नंबरवर वळते करून ठेवायचे. नव्या महागड्या फोनांत एका लाइनवर बोलतानाही दुसरी जागी ठेवणारी रेडिओ यंत्रणा आलेली आहे. धंद्यासाठी दुसरा नंबर घेणाऱ्याने फोन विकत घेताना कॅमेऱ्याआधी हे विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

ई-सिमने खरा फरक पाडला तो परदेशी जाणाऱ्यांच्या आयुष्यात. दुबईला उतरलेला माणूस पूर्वी विमानतळावर तिथलं सिम घ्यायचा, आपलं भारतातलं कार्ड काढून पाकिटाच्या कप्प्यात ठेवायचा आणि बँकेचा ओटीपी तिथेच अडकायचा. आता तो निघण्याआधी घरच्या वाय-फायवरच तिकडच्या नेटचं ई-सिम उतरवून घेतो आणि भारतातला नंबर दुसऱ्या खाचेत जागा ठेवतो. सेटिंग मात्र नीट करावी लागते: डेटा परदेशी लाइनवर, भारतीय लाइनचं डेटा रोमिंग बंद. मेसेज त्या लाइनवर येत राहतात, पण त्यासाठी आपल्या प्लॅनमध्ये रोमिंग चालू आहे ना, हे निघण्यापूर्वीच कंपनीला विचारून घ्यावं. प्रवासासाठी मिळणाऱ्या बहुतेक ई-सिमांत फक्त नेट असतं, नंबर नसतो, हेही जाणून असावं.

जे कायमचे बाहेर गेले त्यांचा प्रश्न आणखी खोल आहे. मस्कतमधल्या अभियंत्याचं डोंबिवलीत घर आहे, आईचं बँक खातं तो सांभाळतो, आणि सगळ्याची दोरी एका भारतीय नंबरला बांधलेली. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ओमान, अमिराती, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर अशा १० देशांतल्या नंबरांवरून अनिवासी खात्यांना यूपीआय वापरता येईल अशी मुभा दिली. पण जिथे जुनाच नंबर नोंदलेला आहे तिथे तो जिवंत ठेवणं आलंच. ९० दिवस काही वापर झाला नाही आणि शिल्लकही नसली, तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, त्यानंतर मात्र देऊ शकतात. मग तुमच्या बँकेचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. त्याचा यात काहीच दोष नसतो.

चोरांनीही ही नवी सोय पटकन ओळखली. पूर्वी दुसऱ्याचा नंबर पळवायचा तर खोटी कागदपत्रं घेऊन गॅलरीत उभं राहावं लागायचं. आता फोन येतो: “कस्टमर केअरमधून बोलतोय, तुमचं सिम बंद होणार आहे, ई-सिमला अपग्रेड करून देतो, आलेल्या मेसेजला फक्त एक दाबा.” तो मेसेज खरोखरच कंपनीचा असतो, कारण चोराने तुमच्या नावाने अर्ज टाकलेला असतो. तुम्ही एक दाबला की प्रोफाइल त्याच्या फोनात उतरतं आणि तुमची रेंज जाते. रेंज अचानक गेली आणि शेजारच्या फोनला ती आहे, तर टॉवरची वाट पाहत बसू नये. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवावं, पैसे गेले असतील तर १९३० लावावा. सिम बदलल्यावर २४ तास त्यावरचे एसएमएस बंद ठेवायचा नियम दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये केला आणि २०२४ च्या जुलैपासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. दोन्ही नियम याच चोरीसाठी आहेत. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती नंबर चालू आहेत ते दिसतं. मर्यादा नऊची आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहाची. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. यादीत अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथेच कळवता येतं.

आता २००३ च्या त्या सीडीएमए फोनाकडे वळायला हवं. ई-सिममध्ये लाइन पुन्हा सेटच्या पोटात गेली आहे. ती दुसऱ्या फोनात न्यायची तर कंपनीची संमती लागते, आणि कंपनी ती दर वेळी सहज देतेच असं नाही. एकाच बनावटीच्या दोन फोनांत लाइन सरकवायची सोय आलेली असली, तरी कंपनीने ती चालू ठेवली असेल तरच ती चालते. कार्ड होतं तेव्हा हा अधिकार ग्राहकाच्या बोटांत होता. तो न मागता मिळाला होता, म्हणून जाताना कुणी ओरडलंही नाही. फोनावरून फोनावर लाइन नेणं विनाशुल्क, तात्काळ आणि गॅलरीत न जाता व्हायला हवं, असा नियम ट्राय या नियामकाने करावा असं मला मनापासून वाटतं. नंबर एका कंपनीतून दुसरीत नेण्याचा हक्क २०११ मध्ये देशभर मिळाला, तोही नियमानेच.

तोवर निवड आपणच करायची. लोकलच्या गर्दीत रोज फोन हातात घेऊन उभ्या राहणाऱ्याने बँकेचा नंबर ई-सिमवर ठेवावा. चोराला तो काढून आपल्या फोनात घालता येत नाही. कार्डच वापरत असाल तर निदान सिमची पिन लावून ठेवावी. गावी राहणाऱ्या आईवडिलांचं मात्र वेगळं आहे. त्यांचा फोन चोरीला जाण्यापेक्षा हातातून पडून फुटण्याची शक्यता जास्त, आणि गॅलरी तालुक्याच्या गावाला. फुटलेल्या फोनातलं कार्ड नातवाने काढून कपाटातल्या जुन्या फोनात घातलं की पाच मिनिटांत पेन्शनचा मेसेज दिसतो. ई-सिम असेल तर एसटी पकडून तालुक्याला जायचं, आधार दाखवायचं, अंगठा द्यायचा, आणि त्यानंतर २४ तास मेसेजची वाट पाहायची. त्यांच्या फोनला ट्रे असेल तर त्यांचं कार्ड आहे तिथेच राहू द्यावं.